दुआ पुष्कळ मिळते, आता काम द्या

(सावेडी येथे पालक, मशिदींचे विश्वस्त आणि व्यावसायिक यांच्या बैठकीत केलेले भाषण.)



हारतुरे नाहीत, व्यासपीठ नाही, त्यामुळे मीही लांबलचक प्रस्तावना करत नाही. पुढच्या तीन-चार रांगांत आई-वडील बसलेत. त्यांच्या मनात एकच प्रश्न आहे आणि तो ते सहसा मोठ्याने विचारत नाहीत: आमच्या माघारी याचं काय? त्यांच्या मागे मशिदींचे ट्रस्टी आहेत, दुकानदार आहेत, एक-दोन बेकरीवाले आहेत. मला जास्त बोलायचंय ते या मागच्या रांगांशी.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आलिम नाही, समाजसेवकही नाही. माझा धाकटा भाऊ एकोणतीस वर्षांचा आहे आणि त्याला बौद्धिक दिव्यांगता आहे. त्याचं नाव सांगणार नाही. तुझ्याबद्दल बोलू का, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, बेकरीचं सांग, नाव नको. बेकरीकडे येतोच, पण थोडं पुढे.

आधी एक शब्दाचा घोळ मिटवू. आपल्या मोहल्ल्यात अशा माणसाला 'पागल' म्हणतात, नाहीतर प्रेमाने 'अल्लाह मियां की गाय'. दोन्ही नकोत. मानसिक आजार वेगळा. तो कुणालाही, कधीही होऊ शकतो आणि त्यावर औषध असतं. बौद्धिक दिव्यांगता बहुधा जन्मापासून किंवा लहानपणापासून असते. शिकायला वेळ लागतो, हिशेब जमत नाही, नवी जागा बघून गोंधळ होतो. त्यावर गोळी नाही. मदत केली की माणूस बरंच काही करतो. मी आज प्रामुख्याने अशा प्रौढांबद्दल बोलतोय. डाउन सिंड्रोम असलेले, स्वमग्न असलेले, सगळे त्यात आले. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यात या गटातले सुमारे १५ लाख.

लहान असतात तोपर्यंत थोडंफार ठीक चालतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. विशेष शाळा आहेत, शाळेची गाडी दारात येते, बाई असतात, गॅदरिंग असतं. मग अठरा पूर्ण होतात आणि एका सोमवारी गाडी येत नाही. पोरगा दप्तर घेऊन दारात उभा असतो. काही संस्थांच्या कार्यशाळा असतात, पण तिथे जागा मोजक्या. सरकारी नोकरीत दिव्यांगांना चार टक्के आरक्षण आहे. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून. ज्याला बारापर्यंत मोजता येत नाही, त्याच्या घरापर्यंत तो टक्का पोचत नाही. मग खाट, टीव्ही, मोबाइल. आईचं वय वाढतं, पोराचं वजन वाढतं.

आता आपली जमात काय देते ते पाहू. कमी देत नाही, हे मी आधी कबूल करतो. रमजानमध्ये किट येतं. ईदला लोक नोट हातात कोंबतात. वलीम्याला पहिलं ताट त्याला मिळतं. इमामसाहेब जुम्याला दुआ करतात, आणि ती मनापासून असते. पण गेल्या कित्येक वर्षांत त्याला कुणी असं म्हणालं नव्हतं की, अरे, काल तू का आला नाहीस? अडलं होतं आमचं.

माझ्या मते सगळा विषय इथे आहे. काम म्हणजे पगार, हे खरंच; पण काम म्हणजे कुठेतरी आपली कुणीतरी वाट बघत असणं. आपण गेलो नाही तर काहीतरी अडणं. या माणसांना आयुष्यभर सगळे देत असतात, त्यांच्याकडून कुणी काही मागत नाही.

धर्माच्या नावाने चालणाऱ्या जागांनी या लोकांचं काय केलं, याचा इतिहास आपल्या जिल्ह्यातही आहे. मेहेरबाबांचं नाव नगरकरांना सांगायला नको, अरणगावला जगभरातून लोक येतात. १९३६ मध्ये त्यांनी राहुरीला वेड्या समजल्या जाणाऱ्या लोकांसाठी आणि मस्त लोकांसाठी एक आश्रम उघडला होता. मस्त म्हणजे ईश्वराच्या ओढीत जगाचं भान सुटलेले. आपल्याकडे दर्ग्यात ज्यांना मजजूब म्हणतात ते. मेहेरबाबा स्वतः त्यांना आंघोळ घालत, स्वतः जेवू घालत. ज्यांना गावाने दगड मारले, त्यांच्या अंगावर पाणी घालणारा गुरू, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. मला त्याबद्दल आदर आहे. तरी बघा, तिथे सगळं काम देणाऱ्याच्या बाजूला होतं. आंघोळ घालून घेणाऱ्याला घेण्यापलीकडे काही नव्हतं.

दुसरं टोक फार वाईट आहे आणि ते आपल्याच लोकांचं आहे, म्हणून टाळत नाही. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एर्वाडीचा दर्गा आहे. मानसिक आजार असलेल्यांना तिथे शिफा मिळते, असं मानून कुटुंबं त्यांना घेऊन जात. दर्ग्याच्या आसऱ्याने आजूबाजूला खासगी 'घरं' उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एकाला आग लागली. माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण गेले. सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, मग तपासण्या सुरू झाल्या. ते मानसिक आजाराचे रुग्ण होते, बौद्धिक दिव्यांग नव्हेत. पण साखळी बांधणाऱ्याला हा फरक कुठे कळतो? श्रद्धा होती, पैसा येत होता, दुआही होत होती. आत काय चाललंय हे बघणारं मात्र कुणी नव्हतं.

या दोन टोकांच्या मधली वाटही लोकांनी शोधली आहे. कार्ल कोनिग नावाचे मुलांचे डॉक्टर व्हिएन्नाहून हिटलरच्या भीतीने पळाले आणि स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनजवळ पोचले. बरोबर तरुण निर्वासितांचा गट. १९४० मध्ये त्यांनी कॅम्फिल नावाच्या घरात दिव्यांग मुलांसोबत राहायला सुरुवात केली. मुलं मोठी झाली, आणि आपल्याला पडलेला प्रश्नच त्यांना पडला. १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला बॉटन नावाचं अख्खं खेडं प्रौढांसाठी सुरू झालं: शेती, गोठा, बेकरी, सुतारकाम. रुडॉल्फ स्टायनर यांची आध्यात्मिक शिकवण आणि ख्रिस्ती सण हा त्यांचा पाया. पण तिथल्या दिवसाचा कणा प्रार्थना नव्हती, काम होतं. पाव भाजला नाही तर खेड्याला नाश्ता नाही.

फ्रान्समध्ये १९६४ साली ज्यां व्हॅनिए या कॅथलिक माणसाने दोन बौद्धिक दिव्यांग पुरुषांना संस्थेतून बाहेर काढून आपल्यासोबत घरात आणलं. त्यातून 'लार्श' नावाची चळवळ झाली. भारतात १९७० मध्ये बेंगळुरूला त्यांचं पहिलं घर झालं, 'आशा निकेतन'. इथे आल्यावर ते नुसतं ख्रिस्ती राहिलं नाही. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती एका घरात राहू लागले. या व्हॅनिएंबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची आहे, पण ती शेवटाकडे.

महाराष्ट्रातलं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. मुंबईत भुलाभाई देसाई रोडवर सोफिया कॉलेज आहे, सेक्रेड हार्ट संघाच्या ननचं. त्या आवारात बौद्धिक दिव्यांग मुलांची साधना शाळा आहे. मुलं मोठी झाली तेव्हा शाळेतल्याच शिक्षकांनी १९९१ मध्ये 'ओम क्रिएशन्स' नावाचा ट्रस्ट काढला. तिथे प्रौढ मुलं-मुली खाद्यपदार्थ करतात, हस्तकलेच्या वस्तू करतात, आणि त्या विकल्या जातात. ननच्या आवारातून निघालेल्या ट्रस्टचं नाव 'ओम'! यावर हवं तर कुणी व्हॉट्सअॅपवर भांडण काढू शकेल. मला त्यातून एवढंच दिसतं की धार्मिक संस्थेकडे जागा होती आणि तिने ती अडवून ठेवली नाही.

धर्माशी संबंध नसलेली कामंही आहेत आणि त्यांच्याकडून शिकायला लाज नको. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी सुरू केली. त्यांचा स्वतःचा मुलगा विशेष होता. बदलापूरला 'आधार' पालकांनीच उभं केलं, त्यांच्याच 'आमच्या माघारी'च्या प्रश्नातून. मुळशी तालुक्यात कोळवणला १९९४ पासून 'साधना व्हिलेज' आहे. तिथे या प्रौढांना 'विशेष मित्र' म्हणतात आणि घरासारख्या लहान लहान गटांत ठेवतात. बाबा आमट्यांचं आनंदवन तर सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे सुरुवातीला काय झालं होतं, ते आठवा. कुष्ठरोगातून उठलेल्या माणसांनी जमीन कसली, भाजी पिकवली, आणि वरोऱ्याचे लोक ती घ्यायला कचरत होते. माणूस काम करायला तयार होता. बाजार त्याला आत घेत नव्हता.

बाजाराचं नाव निघालं, तर आता आपल्या परंपरेकडे वळतो. दोन माणसांबद्दल सांगतो. दोन्ही हदीसच्या ग्रंथांतली. इमामसाहेब इथे बसलेत, चुकलो तर टोकावं.

पहिले अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम. दृष्टिहीन होते. त्यांच्यावरून उतरलेला सूरह 'अबस' आपण जुम्याच्या बयानात ऐकतो, म्हणून तो पुन्हा सांगत नाही. त्यांची नोकरी काय होती, ते बघा. ते मुअज्जिन होते. पहाटे हजरत बिलाल आधी अजान देत, आणि फज्रची वेळ खरोखर झाली की इब्ने उम्मे मक्तूम देत. म्हणजे ज्याला उजाडलेलं दिसत नाही, त्याला उजाडल्याची अजान दिली! ते काम त्यांना जमायचं कसं? लोक त्यांना सांगत: सकाळ झाली, सकाळ झाली. मग ते अजान देत. याला आजच्या भाषेत 'वाजवी सोय' म्हणतात आणि २०१६ च्या कायद्यात तिच्यासाठी कलम आहे. मदिनेत एक माणूस ओरडून सांगायचा, बस. त्यांना मशिदीत नुसतं बसवून ठेवलं नाही. अख्ख्या शहराचा रोजा ज्या अजानवर सुरू व्हायचा, ती त्यांच्याकडे दिली.

दुसरे हब्बान इब्ने मुन्किज. काही रिवायतींत हा प्रसंग त्यांच्या वडिलांच्या नावावर येतो. डोक्याला जबर मार लागल्याने त्यांची समज कमी झाली होती आणि बोलणंही अडखळायचं. पण त्यांना बाजारात जाऊन खरेदी-विक्री करायची हौस. लोक फसवायचे. घरचे वैतागून पैगंबरांकडे (स.) गेले आणि म्हणाले, यांच्या व्यवहारावर बंदी घाला. इथे बसलेल्या प्रत्येक आईने कधी ना कधी हेच म्हटलंय, माझ्या अम्मीनेही. पैगंबरांनी त्यांना बोलावून समजावलं, व्यवहार करू नका म्हणाले. त्यावर हब्बान म्हणाले, मला राहवत नाही. मग पैगंबरांनी बंदी घातली नाही, तोड काढली. सौदा करताना आधीच सांगायचं की फसवाफसवी चालणार नाही, आणि घेतलेला माल तीन दिवसांत परत करायची मुभा. जीभ अडखळायची म्हणून ते शब्दही त्यांना नीट उच्चारता येत नव्हते, पण बाजाराला अर्थ कळायचा. हब्बान पुढे हजरत उस्मान यांच्या काळापर्यंत जगले, असं सांगतात. तेव्हा बाजार वाढला होता, नवे व्यापारी आले होते. ते माल परत न्यायचे, दुकानदार नाही म्हणायचा. मग रस्त्याने जाणारे एखादे सहाबी थांबून सांगायचे की घे परत, याला तीन दिवसांची मुभा पैगंबरांनी दिलेली आहे.

आमच्या धंद्यात वापरणारा पुन्हा पुन्हा तीच चूक करत असेल, तर आम्ही त्याला कामावरून काढत नाही. स्क्रीन बदलतो, 'अनडू'चं बटण देतो. हब्बानना मदिनेच्या बाजारात अनडूचं बटण मिळालं होतं. आणि ते चालावं म्हणून अख्खा बाजार साक्षीदार होता. पुढे फकीहांमध्ये यावर मतभेद झाले. इमाम अबू हनीफा प्रौढ माणसावर निव्वळ भोळेपणापायी बंदी घालायला तयार नव्हते, त्यांचे शिष्य आणि इतर इमाम काही अटींवर तयार होते. तो वाद आलिमांनी करावा. माझ्यापुरतं मी एवढंच घेतलं: माणसाला बाजारातून उठवण्याआधी बाजाराची अट बदलून बघायची.

आता बेकरी. नातेवाईकांची आहे, नाव सांगत नाही. खारी, टोस्ट, नानकटाई, रमजानात शीरमाल. माझा भाऊ तिथे बसायला जायचा, वेळ घालवायला. मामूंना मी म्हटलं, याला काम द्या. ते म्हणाले, बेटा, याला मोजता येत नाही आणि भट्टीपाशी मी याला जाऊ देणार नाही. दोन्ही म्हणणी बरोबर होती. मग मी दोन रविवार तिथे बसून नुसतं बघितलं. नानकटाईचं पाकीट भरणं हे एक काम नाही, अकरा कामं आहेत. ट्रे आणणं, तुटलेली बाजूला काढणं, मोजणं, पिशवी उघडणं, भरणं, वजन बघणं, चिठ्ठी टाकणं, सील करणं, खोक्यात लावणं वगैरे. त्यातलं मोजणं अडत होतं. तर जाड पुठ्ठ्यात बारा गोल भोकं पाडली. एका भोकात एक नानकटाई. सगळी भोकं भरली की पिशवीत. मोजायचंच नाही! तुटकी कोणती हे ठरवताना तो आधी सगळीच बाजूला काढायचा, एक टवका उडाला तरी. त्यासाठी एक चांगली आणि एक तुटकी अशा दोन नानकटायांचा फोटो भिंतीला लावला. सील करायचं मशीन गरम असतं, ते सहा महिने दुसरी बाई करायची. आता तेही तो करतो. भट्टीकडे मात्र अजून जात नाही, तिथे जमिनीवर पिवळी पट्टी मारली आहे आणि ती तो इतरांनाही ओलांडू देत नाही. कारागीर त्यावरून वैतागतात.

पगार नगावर. पाकिटामागे पॅकिंगच्या बायकांना जो दर, तोच त्याला. त्याची निम्मीच पाकिटं होतात, तर पैसे निम्मे. यावर मामूंचं आणि माझं थोडं वाजलं. ते म्हणत होते, असू दे, पूर्ण देतो. मी म्हटलं, वरचे पैसे सदका होतात, ते वेगळे द्या. मजुरी मजुरीसारखी द्या. शनिवारी पाकीट त्याच्या हातात पडतं, अम्मीच्या नव्हे. पहिल्या महिन्यात त्याने ते उशीखाली ठेवलं. मग एका जुम्याला मशिदीच्या दारातल्या पेटीत दहा रुपये टाकले आणि तिथेच उभा राहिला, लोक बघतायत का ते बघत. त्या ईदला शेजारच्या चाचांनी नेहमीसारखी नोट पुढे केली. तो म्हणाला, "मैं काम को जाता." चाचा बरेच गोंधळले.

तो बरा झाला, असं मी म्हणत नाही. तो तसाच आहे. पाऊस पडला की जात नाही, मोठा आवाज झाला की कान धरून बसतो, आठवड्यातून एकदा रुसतो. त्या दिवशी बेकरीतून फोन येतो: आज आला नाही, ऑर्डर आहे. हा फोन अम्मी स्पीकरवर लावून सगळ्यांना ऐकवते.

मागच्या रांगेतल्या लोकांनो, तुमच्याकडे कामं पडलेली आहेत. सावेडी-पाइपलाइन रोडला दर शंभर पावलांवर दुकान आहे. मुकुंदनगर, झेंडीगेट, कोठल्याला बेकऱ्या आहेत, शिवणकाम आहे, डबे आहेत. नागापूरची एमआयडीसी हाकेवर आहे, तिथल्या छोट्या युनिटमध्ये सुटे भाग वेगळे करायचं, पिशव्यांत भरायचं काम असतं. मशिदीत चटया झटकणं आहे, वुजूखान्याची सफाई आहे, टोप्या आणि कुरआनच्या प्रती जागेवर लावणं आहे. आपल्या लग्नांत किती पत्रावळी, किती पाण्याच्या बाटल्या, किती दस्तरख्वान! हे सगळं आज कुणीतरी पैसे घेऊन करतं. त्यातले दोन तास द्या. अख्खी नोकरी मागत नाही.

नगरमध्ये दमडी मशीद आहे, १५६७ ची. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी मजुरीतली एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ती उभी राहिली, असं सांगतात. ज्या शहरात मजुरांच्या पैशातून मशीद होते, त्या शहरातल्या मशिदीतून काही जणांना मजुरी मिळायला हरकत नसावी.

जकातीबद्दल ट्रस्टी विचारतील, म्हणून आधीच सांगतो. मजुरी जकातीतून देऊ नका. माणसाने काम केलंय, तर मजुरी हा त्याचा हक्क आहे आणि ती मालाच्या विक्रीतून यावी. पण गरीब कारागिराला जकातीतून त्याच्या धंद्याची हत्यारं घेऊन द्यावीत, असं शाफई फकीहांनी स्पष्ट लिहिलेलं आहे. हनफी पद्धतीत कसं बसवायचं ते आपल्या मुफ्तींना विचारा. सीलचं मशीन, शिलाई यंत्र, वजनकाटा हे त्या माणसाच्या मालकीचं होऊ शकतं. आपण दरवर्षी जेवढी किट वाटतो, त्यातल्या काहींच्या पैशात एका मोहल्ल्याची यंत्रं होतील.

आता कडू भाग. बहिणींबद्दल. या सभेला किती दिव्यांग मुलगे आलेत आणि किती मुली, हे मी सुरुवातीलाच मोजलं. आकडा सांगत नाही, तुम्हीच वळून बघा. आपल्या घरांत अशा मुली आहेत, पण पाहुणे आले की त्या आतल्या खोलीत असतात. मोठ्या बहिणीचं लग्न अडेल म्हणून. कुणी काही करेल म्हणून. दुसरी भीती खोटी नाही, मी तिला हसणार नाही. म्हणून मुलींसाठी पहिलं काम घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, बायकाच चालवतात अशा ठिकाणी, आणि दोघींनी मिळून जायचं, अशी सोय करावी लागेल. शिवणाच्या क्लासेसवाल्या खाला इथे आहेत, त्यांच्याशी माझं बोलणं झालंय. काज-बटणाचं आणि धागे कापायचं काम निघू शकतं, असं त्या म्हणाल्या.

आणि व्हॅनिए. २०१९ मध्ये ते वारले तेव्हा जग त्यांना संत म्हणत होतं. २०२० मध्ये त्यांच्याच संस्थेने चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला: आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी किमान सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. २०२३ च्या सविस्तर अहवालात तो आकडा किमान पंचवीस झाला. त्या स्त्रिया दिव्यांग नव्हत्या, बोलू शकणाऱ्या होत्या. तरी सत्य बाहेर यायला कितीतरी दशकं लागली. मग ज्याला बोलताच येत नाही, त्याचं काय? अहवाल संस्थेने स्वतः काढला, लपवला नाही, ही त्यांची जमेची बाजू. पण आपण इथून धडा घेऊनच सुरुवात केली पाहिजे. नमाजी माणूस आहे, हाजीसाहेब आहेत, म्हणून तपासणी नको, हे चालणार नाही. काम देणारा आणि तपासणारा एक नको. दर महिन्याला दुसऱ्याच कुटुंबातले दोन पालक, त्यातली एक बाई, न सांगता जाऊन बघतील. कामावरच्या माणसाला 'मला नाही यायचं' म्हणता आलं पाहिजे, आणि म्हटल्यावर ते ऐकलं गेलं पाहिजे. ज्याला शब्द नाहीत तो चेहऱ्याने सांगतो, जेवण सोडून सांगतो. आणि स्वस्तात राबणारा हात मिळाला म्हणून कुणी पुढे येणार असेल, तर त्याने आत्ताच चहा पिऊन घरी जावं.

पालकांसाठी दोन कागद. एक, दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड. ते अजून काढलं नसेल तर काढा. दुसरं, मुलगा अठराचा झाला की कायद्याने आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची जिल्ह्याची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता यांना तो कायदा लागू आहे. त्यातच 'निरामय' म्हणून एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. पालकत्वाचा अर्ज करा, पण करताना हब्बानना विसरू नका. पालकत्व मिळालं म्हणून त्याच्या शनिवारच्या पाकिटावर आपला हक्क लागत नाही.

प्रश्नोत्तरं नंतर घेऊ, मगरिबला वीस मिनिटं आहेत. बाहेर टेबलावर कोरे कागद ठेवलेत. व्यावसायिकांनी देणगीचा आकडा लिहू नये. आपल्याकडचं एक काम लिहावं, त्याच्या पायऱ्या लिहाव्यात, आणि कोणत्या पायरीला धोका आहे तिथे खूण करावी. पालकांनी आपल्या मुला-मुलीला काय येतं, काय आवडतं आणि कशाची भीती वाटते, एवढंच लिहावं. ज्यांना मराठी लिहायला अडचण आहे त्यांच्यासाठी उर्दू लिहिणारा पोरगा तिथे बसवलाय. दोन्हींची जुळणी करायचं काम माझ्याकडे. तेवढं मला येतं.